कडेचं पाणी

गाडी विकायचं ठरलं तेव्हा गाडीच्या मालकिणीला कुणी विचारलं नाही. ती आतल्या खोलीत शिवणयंत्रावर बसली होती. यंत्राच्या घरघरीत तिला काही ऐकू जाणार नाही असं समजून तिचे चिरंजीव गॅलरीत फोनवर बोलत होते. एक पाय कुंड्यांखालच्या काळ्या वाकड्या ट्रेच्या काठावर टेकवून, अगदी ऐटीत.

"शनिवारी ये ना. आईची आहे, म्हणजे जपून वापरलेली. गाडीला काही झालेलं नाही रे, आईलाच आता झेपत नाही."

यंत्र थांबलं.

"काय झेपत नाही?" आतून आवाज आला.

चिरंजीवांनी फोन ठेवला आणि खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. हिशेबनीसाचा चेहरा केला. ते होतेच हिशेबनीस, आणि घरातही माणसांची बेरीज-वजाबाकी करायची त्यांना सवय होती.

"आई, चिडू नकोस. परवा चौकात गाडी बंद पडली तेव्हा मागे सगळा रस्ता तुंबला होता. त्या फुलवाल्याने मला फोन केला. आपल्याच घराची शोभा होते की नाही?"

"गाडी पावसात अडखळते. मी कधीपासून सांगतेय."

"मी काल भर पावसात फिरवून आणली. एक झटका नाही. गॅरेजच्या वस्तादनेही चालवून बघितली. तुझ्याच हातात अडखळते ती. क्लचवरचा पाय तुझा टिकत नाही आता. वय होतं माणसाचं, त्यात काय एवढं?"

पुरुषाच्या हातात गाडी बंद पडली तर लोक बॉनेट उघडतात. बाईच्या हातात बंद पडली तर बाईकडे बघतात. हे कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही, तरी सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि पोटच्या पोरालाही.

या बाईला बाजारात सगळे पडदेवाली म्हणत. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापड दाखवायचं, पडदे शिवायचे आणि आपल्या हाताने टांगून द्यायचे, हा तिचा धंदा. गाडीच्या मागच्या सीटवर कापडाचे तागे, मधून आरपार गेलेल्या पडद्यांच्या दांड्या, डिकीत घडीची शिडी आणि इस्त्री. एवढं सगळं घेऊन पावसात बसच्या दाराला लटकून दाखवावं कुणीतरी. गाडी गेली की धंदा गेला, आणि धंदा गेला की ही बाई घरात बसून नातवंडांच्या बाटल्या भरणार, दूधवाल्याला दार उघडणार आणि संध्याकाळी 'आज काय केलंस आई?' या प्रश्नाला उत्तर शोधणार. हे तिला लख्ख दिसत होतं. चिरंजीवांनाही दिसत होतं, फक्त त्यांना ते फार छान दिसत होतं.

"मी सोडेन ना तुला गिऱ्हाइकांकडे," ते म्हणाले.

"कधी?"

"सुट्टीच्या दिवशी."

"बरं," पडदेवाली म्हणाली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. तिच्या 'बरं'चा अर्थ सूनबाईंना कळायचा. त्यांनी स्वयंपाकघरातून नवऱ्याकडे बघून मान हलवली. चिरंजीवांना तो अर्थ कधीच कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसाने जरा उसंत घेतली होती तेवढ्यात तिने गाडी गॅरेजात नेऊन उभी केली. कोरड्या हवेत गाडी शहाण्या मुलीसारखी चालली.

गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबट शेड. एका भिंतीला पान्यांची रांग, कोपऱ्यात जुन्या टायरांचा ढीग, त्यावर एक मांजर. मालकाला वस्ताद म्हणत. हे नाव त्याने स्वतःच स्वतःला दिलं होतं आणि लोकांनी कंटाळून मान्य केलं होतं. हात बरा होता त्याचा, पण तोंड हाताच्या पुढे धावायचं. या गाडीचे त्याने प्लग बदलले होते, पेट्रोलचा फिल्टर बदलला होता, कार्बोरेटर उघडून धुतला होता, आणि दर वेळी छाती ठोकून सांगितलं होतं की आता गाडी विहिरीत ढकला, तरी चालेल.

"विहीर राहू दे," पडदेवाली म्हणाली. "माझी गाडी डबक्यात चालत नाही. शनिवारी पोरगा ती विकतोय. त्याच्या आत रोग सापडला पाहिजे."

"काकू, मी चालवली तेव्हा तर…"

"तू चालवली तेव्हा चालली, तो चालवतो तेव्हा चालते. ते पुराण मला घरी ऐकवतात. तू इंजिन बघ."

वस्तादने टोपी मागे सारली. "बघा काकू, पावसात इंजिन अडखळलं म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा करंट गळतो. प्लगला जाणारा करंट जोरदार असतो. वायर कुठे चिरली असेल आणि त्यावर पाणी बसलं, तर तो प्लगकडे जायच्या ऐवजी पाण्यावरून बॉडीला पळतो. प्लग पेटत नाही. गाडी झटके देते. पाणी सुकलं की सगळं जागच्या जागी."

"मग इतके दिवस फिल्टर का बदलत होतास?"

वस्तादने हे ऐकलं नाही. ऐकायचं नसलं की त्याला ऐकू येत नसे.

"शटर ओढतो," तो म्हणाला. "अंधारात ठिणगी दिसते. पाणी मारायला काहीतरी पाहिजे, बारीक फवाऱ्याचं."

पडदेवालीने डिकीतून इस्त्रीच्या वेळी कापडावर पाणी मारायची बाटली काढून त्याच्या हातात दिली. वस्तादने शटर जमिनीपासून वीतभर उघडं ठेवलं, गाडीच्या धुराच्या नळीला रबरी पाइप लावून त्याचं टोक त्या फटीतून बाहेर काढलं आणि दिवा मालवला. भर सकाळी शेडमध्ये काळोख झाला. मांजर उठून निघून गेलं. इंजिन चालू होतं आणि वस्ताद एकेका वायरीवर फुसफुस फवारा मारत होता, देवळातल्या पुजाऱ्याने भक्तांवर तीर्थ शिंपडावं तसा. दोघंही डोळे ताणून बघत होती.

वायरींवर काही नाही. सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या टोपीवर काही नाही. प्लगच्या रबरांवर काही नाही. इंजिन एका लयीत घुमत राहिलं.

"ठणठणीत आहे," वस्ताद अंधारात म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जरा भीती होती, कारण आता पुढचं वाक्य बोलायची वेळ त्याच्यावर येत होती.

बाहेर पाऊस पुन्हा लागला होता. पत्र्यावर ताशा वाजायला लागला.

"चल," पडदेवाली म्हणाली. "आत्ताच बघू. आधी तू चालव, मग मी."

वस्तादने अंगावर प्लास्टिकचा आखूड रेनकोट चढवला आणि गाडी काढली. बाजाराच्या पुढच्या वळणापर्यंत तो गेला, शाळेच्या भिंतीवरून वळून परत आला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. जागा बदलल्या. आता पडदेवाली चाकावर. दूधडेअरीपर्यंत ठीक. मग मागून एका टेम्पोने हॉर्न दिला, तिने त्याला जाऊ दिलं, आणि थोडं पुढे गेल्यावर गाडीला उचकी लागली. एक. मग दोन. मग गाडी थरथरली, खोकली आणि शाळेच्या भिंतीशी जाऊन गप्प बसली.

काचेवर पाणी, आत दोघं, आणि वायपर मध्येच अडकलेला.

"बोल की," पडदेवाली म्हणाली.

"काय बोलू काकू? जे झालं ते तुमच्यासमोर झालं."

"तू बोल. माझा पाय म्हण. वय म्हण. सगळे म्हणतात, तू तरी का मागे राहतोस?"

"तसं नाही. पण क्लच जरा…"

"माझा पाय क्लचवर नव्हताच. सरळ रस्ता होता. मी गिअरही बदलला नाही. तू शेजारी बसून काय, भिंतीवरची चित्रं बघत होतास?"

वस्ताद खरोखरच भिंतीवरची चित्रं बघत होता. त्यामुळे तो निमूटपणे उतरला आणि गाडी ढकलायला लागला. पावसात, शाळेच्या भिंतीच्या कडेने, आणि वर्गाच्या एका खिडकीतून मुलांच्या टाळ्या पडल्या. पडदेवाली आतून चाक धरून होती आणि आरशातून त्याला सांगत होती, "जोर लाव. वय होतं माणसाचं."

गॅरेजात पोचल्यावर वस्ताद टायरावर मटकन बसला. पडदेवालीने त्याच्या किटलीतला चहा दोन कपांत ओतला, एक त्याला दिला आणि त्याच्यासमोर उभी राहून त्याला खालपासून वरपर्यंत बघायला लागली. एखाद्या वाकड्या खिडकीकडे बघावं तसं.

"असं काय बघताय?"

"तुझा शर्ट कोरडा आहे."

"रेनकोट होता."

"आणि पँट मांडीपर्यंत चिंब."

"कडेने ढकलली ना काकू. रस्ता मध्ये उंच, सगळं पाणी कडेला साचतं. माझ्या घोट्यापर्यंत होतं."

पडदेवालीने कप खाली ठेवला.

"वस्ताद, लोक मला बोलावतात आणि म्हणतात, तुझा पडदा खालून खराब झाला. कापड हलकं दिलंस. मी जाऊन बघते तर वरून छज्जा, पावसाचा थेंब आत येत नाही. पाणी पडतं खिडकीच्या कट्ट्यावर, तिथून उडतं आणि पडद्याला खालून लागतं. पाऊस वरून पडतो म्हणून सगळे वर बघतात. तू मघाशी बाटलीने कुठून पाणी मारलंस?"

"वरून."

"आणि तू गाडी कुठून चालवलीस?"

"रस्त्याने."

"रस्त्याच्या मधून. माझा पोरगाही मधूनच चालवतो, बापाचा रस्ता असल्यासारखा. मी कुठून चालवते?"

वस्तादने चहाचा एक मोठा घोट घेतला. "कडेने," तो म्हणाला. "टेम्पोला वाट दिलीत आणि मग कडेनेच राहिलात. सगळ्या पाण्यातून."

हे खरं होतं. तिच्या नवऱ्याने तिला गाडी शिकवली तेव्हा पहिला धडा हाच दिला होता. कडेने चालव, मागच्यांना जाऊ दे, उगाच कुणाच्या तोंडी लागायला नको. गिअर, ब्रेक, आरसा, हे सगळं नंतर. नवरा चांगला होता आणि आता हयात नव्हता, त्यामुळे त्याला शिव्या देण्यात मजा नव्हती. पण एक बाई इतकी वर्षं गटाराच्या बाजूने गाडी हाकते, सगळ्यांना वाट देते, सगळ्यांचा चिखल अंगावर घेते, आणि त्याच पाण्यात गाडी बंद पडली की लोक म्हणतात पाय टिकत नाही. याचा राग यायला नको तर कशाचा यावा?

"पाइप आण," पडदेवाली म्हणाली.

वस्तादने गाड्या धुवायचा पाइप आणला. त्या आधी गाडी अर्धा तास तशीच उभी राहिली होती, आतलं पाणी निथळलं होतं, आणि चावी फिरवल्यावर ती निर्लज्जासारखी पहिल्या झटक्यात सुरू झाली. शटर खाली, दिवा बंद. वस्ताद बॉनेटमध्ये वाकला. पडदेवाली पदर खोचून जमिनीवर बसली आणि तिने कडेच्या बाजूच्या पुढच्या चाकामागून खालून वर पाण्याची धार सोडली.

इंजिन खोकलं.

"थांबू नका," वस्ताद ओरडला.

ते पुन्हा खोकलं, थरथरलं, आणि अंधारात, बॅटरीच्या खाली, जिथे कुणी वाकून बघत नाही अशा बेचक्यात, निळं काहीतरी चमकलं. टिक. टिक टिक. निळी बारीक रेघ एका काळ्या डबीच्या मानेवरून उडी मारून पत्र्यावर जात होती.

"कॉइल," वस्ताद म्हणाला. आवाज असा, जणू हरवलेली म्हैस सापडली. "काकू, कॉइल. मानेला चीर गेलीय. सगळा करंट इथूनच तयार होतो आणि इथूनच पळतोय. वरून बॅटरीचं छप्पर आहे, म्हणून वरच्या पाण्याने काही होत नव्हतं. या, बघा."

तिने धार बंद केली, उठून बघितलं. इंजिन तोवर बंद पडलं होतं आणि रेघही गेली होती. वस्तादने इंजिन सुकू दिलं, पुन्हा सुरू केलं आणि इस्त्रीच्या बाटलीने त्या डबीच्या मानेवर एकच फवारा मारला. टिक. तेवढ्यावर गाडीला उचकी लागली. आता कुणाचाही पाय कुठल्याही क्लचवर नव्हता.

पडदेवालीने वाकून इंजिनाकडे कान लावला. मग म्हणाली, "पुन्हा मार."

त्याने पुन्हा मारला. उचकी.

"अजून एकदा."

"काकू, इंजिन बिघडेल."

"बिघडू दे. कानाला बरं वाटतंय."

वस्ताद हसला. मग दिवा लावून चाकाच्या कमानीत डोकं घालून बसला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. आला तेव्हा कपाळावर आठी होती. "पण एक गोष्ट पटत नाही. इथपर्यंत पाणी यायलाच नको. चाकाने उडवलेलं पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून कमानीत एक प्लास्टिकचा पडदा असतो. त्या बाजूला आहे, या बाजूला नाही. उघडं भगदाड आहे. कुणी काढला?"

"कसा असतो?"

त्याने दुसऱ्या बाजूला नेऊन दाखवला. काळा, जाड, पन्हाळीसारखा वाकलेला, काठाला भोकं.

पडदेवालीने तो बघितला. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग ती खाली बसली, टायरांच्या ढिगावर, मांजराच्या जागेवर, आणि इतकी हसली की तिला बोलता येईना. वस्तादला वाटलं, काकूंना भोवळ आली. तो पाणी घेऊन धावला.

"वस्ताद," ती शेवटी म्हणाली, "या पडद्याला मी रोज सकाळी पाणी घालते."

संध्याकाळी चिरंजीव घरी आले तेव्हा गॅलरीतल्या कुंड्या दिवाणखान्यात ओळीने मांडल्या होत्या, सूनबाई त्यांच्याखाली वर्तमानपत्रं पसरत होत्या, आणि मातोश्री तो काळा वाकडा ट्रे नळाखाली धरून घासत होत्या.

"आई, हे काय? तो कुंड्यांचा आहे."

"कुंड्यांना कुणी दिला?"

चिरंजीव जरा विचारात पडले. "मीच. गाडीखालून काढला होता. तूच म्हणालीस ना, चाकापाशी काहीतरी खडखडतंय. क्लिपा तुटल्या होत्या. मी ओढून काढला, खडखड बंद झाली. वाया कशाला घालवायचा, म्हणून हिला दिला. बरोब्बर मापाचा होता."

"त्यांनी मला सांगितलं, ट्रे आणलाय," सूनबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, कधी नव्हे ते घराकडे लक्ष गेलं."

"मी म्हटलं खडखडतं," पडदेवाली म्हणाली. "काढून टाक नाही म्हटलं. माझा गुडघाही वाजतो हल्ली. बोलू की नको तुझ्यासमोर? नाहीतर तोही काढशील आणि त्यात तुळस लावशील."

सूनबाई वर्तमानपत्रात तोंड लपवून हसल्या. चिरंजीवांना हसावं की रागवावं कळेना, म्हणून त्यांनी हिशेबनीसाचाच चेहरा ठेवला. "पण मी चालवली तेव्हा…"

"शनिवारी बोलू," पडदेवाली म्हणाली. "तुझ्या मित्राला येऊ दे. नको म्हणून सांगू नकोस."

शनिवारी मित्र आला. सज्जन माणूस, छत्री झटकून आत येणारा. पाऊस असा, की समोरचं घर दिसत नव्हतं. पडदेवालीने त्याला मागच्या सीटवर तागे सरकवून बसवलं, मुलाला शेजारी बसवलं आणि चावी फिरवली. आदल्या दिवशी वस्तादने नवी कॉइल बसवली होती, आणि घासलेला ट्रे नव्या क्लिपांनी आपल्या जागी गेला होता, एका कोपऱ्याला मातीचा डाग ठेवून.

ती मुद्दाम कडेने गेली. दूधडेअरी, शाळेची भिंत, चौक. जिथे जिथे पाणी साचलं होतं तिथे तिथे चाक घातलं. कमानीत पाणी धडाधड आपटत होतं, बाजूने पंखासारखं उडत होतं. मित्राने मागे कापडाच्या ताग्याला मिठी मारली. गाडीला उचकी नाही, खोकला नाही, काही नाही. शाळेच्या भिंतीपाशी ती वळली, पुन्हा आली, पुन्हा त्याच पाण्यातून.

चिरंजीव तिच्या पायांकडे बघत होते. पाय आपापलं काम करत होते.

तिसऱ्या फेरीला ते म्हणाले, "आई, पुरे. कळलं."

"काय कळलं?"

"गाडीतच होतं."

"आणि?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मागे परका माणूस बसलेला, त्यात हा असला कबुलीजबाब. पण गाडी चालूच होती आणि आई थांबायचं नाव घेत नव्हती. "आणि मीच काढलेल्या त्या ट्रेमुळे झालं. आणि तुझ्या पायाला बोललो. चुकलं माझं."

"हं," पडदेवाली म्हणाली. तिने इंडिकेटर दिला आणि गाडी कडेच्या पाण्यातून वर घेतली, रस्त्याच्या बरोबर मधल्या उंचवट्यावर. तिथे पाणी नव्हतंच. इतक्या वर्षांत स्वतः चाकावर बसून तिने हे कधी बघितलं नव्हतं, की भर पावसातही तिथे पाणी थांबत नाही.

मागून हॉर्न वाजला. लांब, चिडका.

"आई, कडेला घे," चिरंजीव सवयीने म्हणाले.

"का?"

"त्याला जायचंय."

"मलाही जायचंय."

हॉर्न पुन्हा वाजला. ती त्याच वेगाने, त्याच उंचवट्यावरून, सरळ चालली. चिरंजीव मागे वळून हॉर्नवाल्याची हाताने माफी मागणार होते, पण तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं आणि तो हात वाटेतच डोकं खाजवायला गेला. पुढे रस्ता रुंद झाल्यावर मागचा माणूस बाजूने निघून गेला. त्याचं काही बिघडलं नाही.

मित्राने मागून घसा साफ केला. "काकू, गाडी खरंच उत्तम आहे. मला पसंत आहे. तर मग…"

"गाडी विकायची नाही," चिरंजीव म्हणाले. आईच्या आधी.

पडदेवालीने आरशातून मित्राकडे बघितलं. बिचारा पावसात एवढ्या लांबून आला होता, आणि रिकाम्या हाताने परत जाणार होता. शिवाय तो अजून ताग्याला मिठी मारून बसला होता, आणि तो तागा चांगला होता, जाड विणीचा.

"तुमच्या घराला पडदे कुठले आहेत?" तिने विचारलं.

"पडदे? जुनेच आहेत. खालून जरा खराब झालेत, हिला केव्हाचं सांगतोय, कापडच हलकं निघालं."

"कापड हलकं नाही. चला, बघू." तिने गाडी वळवली. "तुम्हाला घरी सोडते, मापंही होऊन जातील. शिडी डिकीत आहे." मग शेजारी बघून म्हणाली, "आणि तू शिडी धर. आज सुट्टीच आहे ना तुझी?"